शंभर बाय शंभर

आज साध्या फोनच्या कॅमेऱ्यातही १२ मेगापिक्सेलचा फोटो निघतो. आडवे ४,००० आणि उभे ३,००० पिक्सेल, म्हणजे एका फोटोत १ कोटी २० लाख ठिपके. ज्या चित्राविषयी हे पुस्तक आहे, त्यात ठिपके असतात फक्त १०,०००. शंभर आडवे, शंभर उभे. मूळ फोटोतल्या दर बाराशे ठिपक्यांमागे एकच ठिपका इथवर पोचतो, बाकीचे वाटेत गळतात. काय गळू द्यायचं आणि काय धरून ठेवायचं हे ठरवणं म्हणजे आयकॉन करणं. आपण ते ठरवलं नाही तर सॉफ्टवेअर ठरवतं, आणि सॉफ्टवेअरला शेजारशेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढण्यापलीकडे काही येत नाही. आजीच्या नाकातली नथ त्याच्या लेखी चार-दोन उजळ ठिपके असतात, गालाच्या रंगात मिसळून टाकण्याजोगे.

या पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे की लहान चित्र हे मुळात वेगळं चित्र आहे. त्याची मांडणी वेगळी, रंगांचा हिशोब वेगळा, अक्षरांचे नियम वेगळे. आपल्याकडे फोटोशॉपचे क्लास तालुक्याच्या गावीही आहेत. तिथे फ्लेक्स, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, लग्नाचे अल्बम शिकवतात. पोटापाण्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर दिवसातून शेकडो वेळा दिसणारं जे नखाएवढं चित्र, ते कसं करावं हे कुणी शिकवत नाही. फोटो निवडला, गोलात बसवला, झालं. म्हणून समोरचा माणूस कोण हे ओळखायला आपण नाव वाचतो, चित्र पाहत नाही.

या कारागिरीचं मूळ ठिकाण लाइव्हजर्नल. ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकन तरुणाने १९९९ साली ते सुरू केलं. लोक तिथे रोजनिशी लिहीत आणि प्रत्येक नोंदीशेजारी एक लहान चित्र लावता येई. कमाल आकार १०० बाय १०० पिक्सेल, कमाल वजन ४० केबी. त्या काळी बऱ्याच घरांत टेलिफोनच्या तारेवरून कूर्मगतीने इंटरनेट येई, त्यामुळे अशी मर्यादा गरजेचीच होती. पण तिच्या जोडीला एक फार चांगली सोय होती. एका खात्यात अशी अनेक चित्रं ठेवता येत, प्रत्येकाला एखादा शब्द जोडता येई, आणि नोंद लिहिताना त्यातलं हवं ते निवडता येई. रागावून लिहायचं तेव्हा एक, परीक्षा संपल्यावर दुसरं, पाऊस पडत असताना तिसरं. म्हणजे आयकॉन माणसाचा चेहरा दाखवत नसे, बोलण्याचा सूर दाखवत असे. आपण जो डीपी लावतो तो महिनोन्‌महिने तसाच असतो आणि आपण हसत असू वा रडत असू, तोच दिसतो. हा फरक समजून घेतला तर पुढची बरीचशी वाट सोपी होते.

तिथे आयकॉन करणाऱ्या बहुतेक मुली आणि बायका होत्या. हॅरी पॉटर, लॉर्ड ऑफ द रिंग्ज, बफी यांच्या चाहत्या. मालिकेतली, सिनेमातली एखादी चौकट थांबवून घ्यायची, तिचा एखादा तुकडा कापायचा, रंग बदलायचे, वर एखादा शब्द लिहायचा आणि तयार झालेला संच इतरांसाठी ठेवून द्यायचा. घ्या, वापरा, फक्त श्रेय द्या. बहुतेकींनी चित्रकलेचं किंवा डिझाइनचं शिक्षण घेतलेलं नव्हतं, आणि या कामाचा एक पैसाही मिळत नव्हता. तरी त्यांच्यात स्पर्धा होत. सगळ्यांना एकच मूळ चौकट द्यायची आणि प्रत्येकीने तिच्यातून आपला आयकॉन काढायचा, मग मतदान. ‘ट्वेंटी इन ट्वेंटी’ नावाचा एक प्रकार होता. एकच विषय, २० दिवस, २० आयकॉन. एका चेहऱ्याकडे इतक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी पाहायला लावणारा रियाज मला कलाशाळांतही फारसा आढळलेला नाही. या बायकांनी एकमेकींना जे शिकवलं ते खरंखुरं चित्रज्ञान होतं, आणि त्याची नोंद कलेच्या इतिहासात व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे.

त्यांच्या आधीची एक पायरी सांगायला हवी. १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश आला, त्यावरच्या खुणा सुझन केअर यांनी काढल्या होत्या. ३२ बाय ३२ चा चौकोन, म्हणजे १,०२४ घरं, प्रत्येक घर काळं नाहीतर पांढरं. त्यांनी आलेखाच्या वहीत एकेक घर भरून ती चित्रं काढली. मोझॅक आणि भरतकाम ठाऊक असल्यामुळे हे काम आपल्याला अनोळखी वाटलं नाही, असं त्यांनी सांगितलं आहे. आपल्याकडे मॅटीच्या कापडावर फुलीटाक्याने मोर आणि तुळशीवृंदावन भरणाऱ्या बायकांनी हेच केलं आहे. घरं मोजायची आणि वळण नसलेल्या जागी वळणाचा भास निर्माण करायचा. केअर यांच्या वहीतली काही पानं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहात घेतली आहेत.

लाइव्हजर्नलच्या पिढीच्या हाती मात्र वहीऐवजी फोटोशॉप होतं. मिशिगन विद्यापीठात शिकत असताना थॉमस नोल यांनी १९८७ मध्ये ते लिहायला घेतलं, भाऊ जॉन यांची साथ मिळाली आणि फेब्रुवारी १९९० मध्ये ॲडोबीने पहिली आवृत्ती बाजारात आणली. आयकॉनच्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष मात्र १९९४. त्या साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत लेअर आले. एका चित्रावर दुसरं चित्र पारदर्शक कागदासारखं ठेवायचं, हवं तेव्हा काढायचं, खालच्याला धक्का न लावता वरचं बदलायचं. ज्यांना फोटोशॉप परवडत नसे त्या पेंट शॉप प्रो वापरत. बर्कलीच्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेलं गिंप तर फुकटच होतं, आजही आहे. या पुस्तकातली बहुतेक कामं गिंपमध्ये करता येतात आणि विद्यार्थ्यांनी तिथूनच सुरुवात करावी असं मी सुचवेन. सॉफ्टवेअर कोणतं हा प्रश्न दुय्यम आहे.

लहान आकाराचं, जवळ बाळगायचं चित्र काही संगणकाबरोबर आलेलं नाही. इंग्लंडमध्ये निकोलस हिलियर्ड आणि त्याचा शिष्य आयझॅक ऑलिव्हर हे तळहातात मावतील एवढी व्यक्तिचित्रं करत. पातळ चामडं पत्त्याच्या पानावर चिकटवायचं आणि त्यावर जलरंगात चेहरा. त्या चित्रांचा आपल्या देशाशी थेट संबंध आला तो जहांगीरच्या दरबारात. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो अजमेरला होता तेव्हा, १६१६ साली, त्याच्याकडे असं एक चित्र होतं. जहांगीरने ते आपल्या चित्रकाराकडे दिलं आणि त्याच्या प्रती करवून घेतल्या. मग एका रात्री मेणबत्तीच्या उजेडात मूळ चित्र आणि पाच नकला एकत्र मांडून रोला विचारलं, यातलं तुझं कोणतं? रोला ओळखताना बरीच पंचाईत झाली, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. जहांगीरने रोला स्वतःची छबी असलेलं सोन्याचं पदकही दिलं होतं, गळ्यात घालायला. चित्र लहान असलं की ते अंगावर वागवता येतं आणि कुणाचा माणूस कोण हे त्यावरून कळतं, ही गोष्ट त्या दरबाराला पक्की ठाऊक होती. मोठ्या भिंतचित्राला जे जमत नाही ते या आकाराला जमतं, म्हणूनच त्याच्या कौशल्याला तेव्हा मान होता.

आता हाताच्या कामाकडे येतो.

पहिलं काम कापण्याचं, आणि निम्मी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते. समजा, फोटोतून ९०० बाय ९०० चा चौकोन घेतला. तो शंभरावर आणायचा म्हणजे ९ बाय ९ च्या एकेका चौकडीचा, ८१ ठिपक्यांचा, एक ठिपका होणार. मूळ फोटोत ३ पिक्सेल जाडीची केसांची बट आता एक तृतीयांश पिक्सेल उरते, म्हणजे उरतच नाही, मागच्या भिंतीच्या रंगात तिचा धुरकट पट्टा होतो. पण डोळा मूळ फोटोत ९० पिक्सेल रुंद असेल तर तो १० पिक्सेलचा उरतो, आणि १० पिक्सेलच्या डोळ्यात बुबुळ दिसतं, बुबुळातला उजेडाचा ठिपका दिसतो. तेव्हा आधी हे पाहायचं की फोटोतली कोणती गोष्ट ८१ ने भागल्यावरही टिकते. ती गोष्ट मध्यभागी असण्याची गरज नाही. लाइव्हजर्नलवरच्या चांगल्या आयकॉनांत अर्धा चेहरा कडेला सरकवलेला असे, डोक्याचा वरचा भाग कापलेला असे आणि उरलेला अर्धा चौकोन रिकामा सोडलेला असे. नवशिक्याला कपाळ कापायची भीती वाटते. कापा. पाहणाऱ्याचा डोळा कपाळ स्वतः पुरं करतो, पण दहा पिक्सेलचा डोळा कुणी पुरा करून देत नाही.

आकार लहान करताना चित्र थोडं पुसट होतं, म्हणून लहान केल्यानंतर शार्प करायचं, आधी नाही. अनशार्प मास्कची त्रिज्या ०.३ पिक्सेलच्या आसपास ठेवा. मोठ्या फोटोला वापरायची १ किंवा २ ही त्रिज्या इथे ठेवली तर चेहऱ्याभोवती पांढरी कड उमटते. शंभरात दोन पिक्सेल म्हणजे चित्राचा पन्नासावा भाग, हे विसरून चालत नाही.

मग उजेड. त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक पाठात पहिली सूचना असे ती अशी: लेअरची प्रत करा आणि ती ‘स्क्रीन’वर ठेवा. पाठ लिहिणारीला त्यामागचं गणित ठाऊक असेलच असं नाही, पण ते इतकं साधं आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. काळा म्हणजे ०, पांढरा म्हणजे १ धरा. स्क्रीनमध्ये दोन्ही लेअरच्या किमती १ मधून वजा करून एकमेकींनी गुणतात आणि आलेलं उत्तर पुन्हा १ मधून वजा करतात. ०.३ चा काळपट ठिपका घेतला तर ०.७ गुणिले ०.७ म्हणजे ०.४९, आणि १ मधून वजा केल्यावर ०.५१. ठिपका चांगलाच उजळला. ०.८ चा उजळ ठिपका होतो ०.९६. तोही उजळला, पण पांढऱ्याची हद्द ओलांडून गेला नाही. म्हणजे अंधारातल्या चेहऱ्याला उजेड मिळतो आणि कपाळावरची चमक करपत नाही. ‘मल्टिप्लाय’मध्ये सरळ गुणाकार असतो, ०.३ चा ०.०९ होतो आणि सावली गडद होते. टीव्हीवरच्या रात्रीच्या प्रसंगातून आयकॉन काढणाऱ्या मुलींनी स्क्रीन का धरला ते यावरून कळावं.

दुसरी सूचना याहून गमतीची. सगळ्यात वर गडद निळ्या रंगाने भरलेला एक लेअर घ्या आणि तो ‘एक्सक्लूजन’वर ठेवा. हे केलं की फोटोला जुन्या, उन्हात राहिलेल्या छापील फोटोची कळा येते. का येते? एक्सक्लूजनमध्ये दोन किमतींची बेरीज करतात आणि त्यातून त्यांच्या गुणाकाराची दुप्पट वजा करतात. निळ्या लेअरची निळी किंमत ०.२ धरू. खालचा ठिपका पूर्ण काळा असेल तर त्याची निळी किंमत ० ची ०.२ होते, म्हणजे सावलीत निळा शिरतो. खालचा ठिपका पूर्ण पांढरा असेल तर १ अधिक ०.२ वजा ०.४, उत्तर ०.८. पांढऱ्यातून निळा कमी झाला म्हणजे तिथे पिवळसर झाक आली. आणि बरोबर मधला ०.५ चा ठिपका जसाचा तसा राहतो. एकाच लेअरने सावल्या निळ्या, उजेड पिवळा आणि त्वचेचा मधला रंग जवळजवळ अबाधित. हे ज्या कुणी पहिल्यांदा करून पाहिलं तिला रंगाची उत्तम समज होती. पुस्तकाच्या रंगाच्या प्रकरणात ही बेरीज-वजाबाकी वहीत करून पाहायला सांगितली आहे, ती टाळू नका. गणित हाताखालून गेलं की ब्लेंड मोडची लांबलचक यादी पाठ करावी लागत नाही.

रंगानंतर पोत येतो, कागदाचे, भिंतीचे, उन्हाच्या तिरिपेचे टेक्स्चर. त्याविषयी माझं मत थोडं कडक आहे. एका आयकॉनला एक पुरे. चकाकणाऱ्या चांदण्या, फुलांची चौकट, बारीक अक्षरांचं ब्रश हे सगळं एकत्र आलं की शंभर पिक्सेलात माणूस सापडत नाही. सजावट हवीच, तिच्यासाठीच तर आपण हे करतो, पण तिला एक जागा ठरवून द्यावी.

अक्षरांचा प्रश्न मराठी वाचकासाठी सगळ्यात मोलाचा, म्हणून इथे जरा थांबतो. इंग्रजी कॅपिटल अक्षर ५ पिक्सेल उंचीतही वाचता येतं. जेसन कॉटके यांनी १९९९ मध्ये केलेला सिल्कस्क्रीन हा फाँट अशाच कामाचा होता, कडा गुळगुळीत न करता, एकेक पिक्सेल नेमका बसवून लिहायचा. देवनागरीला ही चैन नाही. शिरोरेखेला एक पिक्सेल, तिच्याखाली अक्षराचं अंग, वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार आणि ऋकार. ‘कीर्ती’ किंवा ‘कृपा’ वाचता यावं म्हणून डझनभर पिक्सेल तरी उंची लागते, आणि दोन ओळी लिहिल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. त्यामुळे इंग्रजी आयकॉनवर शोभणारं चार ओळींचं बारीक वाक्य मराठीत जमत नाही. एक शब्द घ्यावा, ठसठशीत लिहावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फाँट सात जाडींत मिळतो, त्यातल्या जाड बाजूच्या दोन इथे उपयोगी पडतात. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडवलेला, विंडोजसाठीचा ‘मंगल’ पडद्यावर वाचण्यासाठीच केलेला आहे, साधा शब्द असेल तर तोही चालतो.

फोटोशॉपमध्ये मराठी लिहिताना ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसते, ‘क्ष’चे तुकडे होतात, हलन्त उघडे पडतात, हा अनुभव ज्याला आला नाही असा मराठी डीटीपीवाला विरळा. दोष फाँटचा नसतो. जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसच्या टाइप या भागात ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ हा पर्याय निवडावा लागतो, नंतरच्या काही आवृत्त्यांत त्याचं नाव ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ झालं. पर्याय बदलल्यावर नवी फाइल उघडून लिहा, वेलांटी जागेवर येते. गिंपमध्ये ही अडचण येत नाही. आणि ज्यांची श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटवर पकड आहे त्यांनी ते इथे खुशाल वापरावेत. आयकॉनवरचा शब्द शेवटी चित्राचाच भाग होतो, तो कुणी शोधणार नाही की कॉपी करणार नाही. त्या संग्रहांतली काही सुंदर वळणं आज केवळ युनिकोडमध्ये नाहीत म्हणून पडून आहेत, ती अशा कामी यावीत.

चौकोन गेला आणि गोल आला, त्याचाही परिणाम मोठा आहे. ट्विटरने २०१७ मध्ये गोल डीपी घेतला, व्हॉट्सॲपवर तर गोलच दिसतो. चौकोनात बसणाऱ्या मोठ्यात मोठ्या वर्तुळाचं क्षेत्रफळ चौकोनाच्या साधारण ७८.५ टक्के असतं. म्हणजे पंचमांशाहून जास्त चित्र चार कोपऱ्यांत कापलं जातं. शिवजयंतीला किंवा लग्नसराईत फेट्यातले फोटो लागतात तेव्हा हे नेमकं दिसतं. फेट्याचा तुरा वर एका बाजूला झुकलेला असतो, आणि कोपरा कापला की तुऱ्याचं टोक जातं, उरतो तो कापडाचा गोळा. चेहरा थोडा खाली आणि तुऱ्याच्या विरुद्ध बाजूला सरकवला की तुरा वर्तुळात येतो. मराठी भाषा गौरव दिनाला अक्षरांचे डीपी करताना शब्द कडेपर्यंत ताणला तर पहिलं आणि शेवटचं अक्षर वर्तुळाच्या काठावर घासतं. शब्द मध्यरेषेवर ठेवा, तिथे वर्तुळ सगळ्यात रुंद असतं.

सेव्ह करण्याबद्दल थोडं. १०० बाय १०० च्या चित्रात दर ठिपक्याला ३ बाइट धरले तर अजिबात न दाबता ३०,००० बाइट होतात, म्हणजे ३० केबीच्या आतच. लाइव्हजर्नलची मर्यादा होती ४० केबी. तेव्हा स्थिर चित्राला ती मर्यादा कधी जाचायला नको होती, ती जाचे हलत्या जिफला, जिथे एकामागून एक चौकटी भरायच्या असत आणि रंग २५६ च मिळत. तरीही कित्येकजणी सवयीने जेपीइजी करत आणि चित्र बिघडवत. जेपीइजी चित्राला ८ बाय ८ च्या ठोकळ्यांत तोडतं, आणि जास्त दाबलं की रंगाची माहिती प्रकाशाच्या माहितीपेक्षा अधिक ढोबळ ठेवतं. लहान चित्रात याचा पहिला बळी लाल रंग. कपाळावरचं ३ पिक्सेलचं कुंकू भोवतालच्या त्वचेत फाकतं. पीएनजी वापरलं की यातलं काहीच होत नाही, कारण त्यात काही गमावलं जात नाही.

एका प्रकरणाविषयी आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या मते ते या पुस्तकाचं सगळ्यात उपयोगी प्रकरण आहे. आपल्या अनेक घरांत आजोबा-आजीचा स्वतंत्र फोटो नसतो. असतो तो कुणाच्या तरी लग्नातला समूहफोटो, मागच्या रांगेत डावीकडून तिसरे. माणूस गेल्यावर त्या फोटोतून चेहरा काढून भिंतीवर लावायची फ्रेम करायला फोटो स्टुडिओत देतात, आणि तो फुगवलेला चेहरा ओळखू येईनासा होतो. त्यात स्टुडिओवाल्याचा दोष नाही. ६ बाय ४ इंचांचा जुना फोटो ३०० डीपीआयला स्कॅन केला तर चित्र होतं १,८०० बाय १,२०० पिक्सेलचं, आणि त्यातला १ सेंटिमीटर रुंदीचा चेहरा होतो सुमारे ११८ पिक्सेलचा. फ्रेमसाठी हे फारच कमी आहे. आयकॉनसाठी मात्र ते बरोबर मापाचं आहे. लहान करायला लागत नाही, मोठं करायला लागत नाही, जवळपास ठिपक्यास ठिपका तो चेहरा चौकोनात बसतो. शेजारच्या माणसाचा खांदा पुसायचा, पिवळेपणा थोडा कमी करायचा, कपाळ जरा उजळायचं, बस. ज्या चेहऱ्याची भिंतीवरची फ्रेम कधीच होऊ शकत नाही, त्याचा उत्तम आयकॉन होतो. घरातल्या ग्रुपवर, नातवंडांच्या फोनमध्ये तो चेहरा पहिल्यांदा स्वतंत्रपणे दिसतो. हे काम स्वतः करा, फोनमधल्या एखाद्या ॲपला देऊ नका. चेहरा ‘सुधारून’ देणारी ॲप नाहीत त्या पापण्या भरतात, दात बसवतात, सुरकुत्या काढून टाकतात, आणि तयार होतो तो कुणीतरी तिसराच म्हातारा.

इथूनच श्रेयाचा आणि परवानगीचा मुद्दा येतो. लाइव्हजर्नलवर प्रत्येक आयकॉनसोबत टिपण लिहायला एक जागा असे आणि तिथे करणारीचं नाव नोंदवायची रीत होती. कुणी नाव न देता वापरलं तर इतरजणी सांगत, आणि बहुतेक वेळा चूक दुरुस्त होई. मूळ चौकट मालिकेच्या निर्मात्यांची असे, त्या हक्काचा प्रश्न तिथे कधी पुरता सुटला नाही, पण आपसातल्या कष्टाचा मान राखण्याची शिस्त मात्र त्या बायकांनी लावून घेतली होती. आपल्याकडे ती नाही. गणपतीच्या मूर्तीचा फोटो कुणी काढला, वारीतल्या म्हातारीचा फोटो कुणाचा, हे न विचारता त्यावर स्वतःचं नाव टाकून डीपी फिरतात. दुसऱ्याचा फोटो घेताना विचारावं. मुलीचा, बाईचा फोटो घेताना तर तिची स्वतःची परवानगी असल्याशिवाय माउसला हात लावू नये. या पुस्तकातले सगळे नमुने परवानगी घेतलेल्या फोटोंवरच केले आहेत.

त्या काळातलं बरंच काम आज सापडत नाही. लाइव्हजर्नल २००७ च्या अखेरीस रशियन कंपनीकडे गेलं, २००९ मध्ये त्याच्याच संगणकीय आज्ञावलीवर ड्रीमविड्थ उभं राहिलं आणि कित्येकजणी तिकडे गेल्या, कित्येकजणी टंब्लरवर. पाठांमधली चित्रं बऱ्याच जणींनी फोटोबकेटवर ठेवली होती. २०१७ मध्ये फोटोबकेटने इतर ठिकाणी चित्र दाखवण्यासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलर मागितले आणि ठिकठिकाणची चित्रं एकदम दिसेनाशी झाली. सूचना शाबूत, पण प्रत्येक पायरीशेजारी रिकामी चौकट, असे पाठ आजही आढळतात. या पुस्तकातल्या पद्धती अशा उरलेल्या मजकुरावरून आणि करून पाहून पुन्हा जुळवल्या आहेत.

वाचकाला विनंती अशी की पुस्तक वाचून बाजूला ठेवू नका. घरातला एक फोटो घ्या, शक्यतो जुना, आणि प्रत्येक प्रकरण त्याच फोटोवर करून पाहा. काम झाल्यावर फक्त पीएनजी ठेवून मोकळे होऊ नका. सगळ्या लेअरसकट मूळ फाइल जपा, फाइलच्या नावात तारीख घाला, फोटो कुणी काढला आणि त्यातलं माणूस कोण हे तिथेच लिहून ठेवा, आणि त्याची एक प्रत घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावरही असू द्या.